कच्चं गळू

"पेशंट पितात का?"

बापूला मिरजेला आणल्यावर पहिल्या तासाभरात हा प्रश्न आम्हाला चौघांनी विचारला. कॅज्युअल्टीतल्या कोवळ्या डॉक्टरने विचारला, आयसीयूतल्या सिस्टरने विचारला, सोनोग्राफी करणाऱ्याने विचारला. चौथी एक अनोळखी बाई, बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेली. "पॅनक्रियाजला सूज आलीय" एवढं ऐकून तिने आवाज खाली आणला आणि विचारलं. माझी भावजय दर वेळी सांगायची, "नाही हो, माळकरी आहेत." विचारणारा मान हलवायचा. त्यात विश्वास कमी आणि समजूत घालणं जास्त असायचं.

बापू माझा धाकटा भाऊ. तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग, एकोणिसाव्या वर्षापासून गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात कधी बिअरसुद्धा नाही. पण स्वादुपिंडाच्या, म्हणजे पॅनक्रियाजच्या, सुजेची मोठी कारणं दोन, दारू आणि पित्ताशयातले खडे. पहिल्याची बदनामी एवढी, की दुसऱ्याने आडवा झालेल्यालाही आधी आपलं सोवळेपण पटवून द्यावं लागतं. (दारूने आडवा झालेला माणूसही तेवढाच आजारी असतो, हे मला त्या बाकावर महिनाभर बसल्यावर सुचलं. पहिल्या तासात नाही.)

खडे आम्हाला माहीत होते. हेच सगळ्यात लागतं. जानेवारीत बापूच्या पोटात दुखलं होतं, दोन दिवस सलाईनवर होता, सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत बारीक खडे दिसले. मोठ्या खड्यांपेक्षा बारीकच वाईट, ते सहज घसरतात. डॉक्टर म्हणाले, सूज थोडकी आहे तोवर याच खेपेला दुर्बिणीतून पिशवी काढून टाकू. बापू म्हणाला, "द्राक्षं उतरू देत, मग बघू." द्राक्षं उतरली. मग बेदाणा निघू दे. मग एप्रिलची खरड छाटणी उरकू दे. मग आषाढी होऊन जाऊ दे. पुढे फार उशिरा माझ्या वाचनात आलं, की नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी याच प्रश्नावर अभ्यास करून २०१५ मध्ये तो छापला होता. खड्यांमुळे सौम्य सूज आलेले २६६ पेशंट. पिशवी त्याच मुक्कामात काढली, तर पुढे खड्यांचा त्रास होऊन परत यावं लागणारे किंवा दगावणारे १०० मध्ये ५. महिनाभराने काढायचं ठरवलं, तर १७. आम्ही नऊ महिने घेतले.

दसऱ्याच्या रात्री जेवण झालं आणि तासाभरात बापू पोट धरून पुढे वाकला. बेंबीच्या वर कळ, तिथून थेट पाठीत. आडवं होता येईना. गावातल्या डॉक्टरांनी "पित्त झालंय" म्हणून इंजेक्शन दिलं. त्यांना तरी काय म्हणावं? आपल्याकडे डोकं दुखलं तरी पित्त, मळमळलं तरी पित्त, चिडचिड झाली तरी पित्त. एवढ्या पित्तांच्या गर्दीत खरोखरीचा पित्ताचा खडा, नळीच्या तोंडाशी अडकलेला, कुणाला ओळखू येणार? पहाटे त्याचे ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा गाडी काढली.

स्वादुपिंड हे नाव ऐकलं की नैवेद्याच्या ताटातलं काही तरी वाटतं. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवी पडलेली, वीतभराच्याही आतली ही ग्रंथी. रोज लिटर-दीड लिटर पाचक रस करते. एका अंगाने इन्सुलिन करते, दुसऱ्या अंगाने मांस, चरबी, पीठ सगळं विरघळवणारे रस. हे रस ग्रंथीत असताना निजलेले असतात, आतड्यात पोचले की जागे व्हायचे असा करार आहे. खड्याने वाट अडली की करार मोडतो. रस जागच्या जागी जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. तिथल्या रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मुलीने मला हे समजावताना उपमा शोधली आणि तिला सापडेना. मी म्हटलं, "बाळ, कळलं. चुलीनेच घर पेटवलं."

बहुतेकांची सूज आठवड्यात उतरते. साधारण पाचातल्या एकाची चिघळते. बापू पाचवा निघाला.

तिसऱ्या दिवशी त्याचं पोट पखवाजासारखं ताणलं होतं. लघवी जवळपास थांबली, श्वासाला मशीन लागलं. लघवीच्या नळीतूनच पोटातला दाब मोजतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे, कोकणातले असावेत असा माझा अंदाज. ते म्हणाले, "दाब वीसच्या वर जाऊन राहिला आणि किडनी-फुप्फुसं आणखी हटली, तर घाईने पोट उघडावं लागेल. आतड्याला भोक पडलं किंवा रक्त सुटलं, तरी उघडावं लागेल. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

हात लावणार नाही. हे वाक्य बाहेर बाकावर पोचलं आणि भडका उडाला. गावाकडून तात्या आले होते, चुलते, पंचायतीत वजन असलेले. "आत सडतंय म्हणत्यात, आणि काढीत न्हाईत? मग ठेवलंय कशाला? नुसतं मीटर पाडायला?" तात्यांचं बोलणं वेडंवाकडं नव्हतं. अपेंडिक्स फुगलं की कापतात. आतडं पिळलं की कापतात. सडलेला द्राक्षाचा घड आपण वेलीवर ठेवतो का? मग याच एका अवयवाचं एवढं काय? मी शिकलेली, सांगलीत सातवीला गणित शिकवणारी, पण त्या रात्री मीही तात्यांच्या बाजूला होते. कोल्हापुरात, पुण्यात फोन लावले. "लगेच ऑपरेशन करणारा" कुणी मिळतो का, असं विचारत होते. असा कुणी मिळाला नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी सर्जनांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. फिल्म लावली नाही, आकृती काढली नाही. तात्यांना विचारलं, "लहानपणी गळू झालं की घरात काय करायचे?"

"पोटीस बांधायचे."

"लगेच फोडायचे?"

तात्या थांबले. "न्हाई. पिकू द्यायचं. कच्चं फोडलं की पसरतं."

"हे कच्चं आहे," सर्जन म्हणाले. "आत्ता गेलो तर चांगलं कुठलं आणि मेलेलं कुठलं, हे मला हातानेही कळणार नाही. ओल्या चिखलात हात घातल्यासारखं असतं. ओढलं की रक्त येतं, टाके धरत नाहीत. चार आठवडे मिळाले तर शरीर स्वतः भोवती भिंत घालतं. मग आतलं काढता येतं. ते चार आठवडे त्याला जगवायचं, हे माझं काम."

तात्या उठून बाहेर गेले, तंबाखू मळली आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "कच्चं हाय आजून."

मी मात्र टक्केवारी विचारली. खोड आहे. सर्जनांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "किडनी आणि फुप्फुस दोन्ही हटलेत. त्यात पुढे जंतू शिरले, तर शंभरातले तीस जातात असं धरा." मी दर वर्षी पोरांना शेकडेवारी शिकवते. ३० टक्के म्हणजे १०० आंब्यांतले ३० नासके, फळ्यावर टोपली काढून दाखवते. टोपलीत एकच आंबा असेल तर काय करायचं, हे आमच्या पुस्तकात नाही. ३० टक्के बापू मरत नाही.

हे "हात लावू नका" कुठून आलं, ते मी नंतरच्या वर्षभरात शोधत राहिले. रेसिडेंट मुलीने वाटा दाखवल्या. बोस्टनचे डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये अपेंडिक्सवर लिहिलं, त्यात वेळेवर कापायला सांगितलं. तीन वर्षांनी, १८८९ मध्ये, स्वादुपिंडाच्या सुजेवर लिहिलं आणि सुरुवातीच्या दिवसांत शस्त्रक्रिया फार धोक्याची असल्याचं बजावलं. माणूस तोच, पोट तेच, सल्ला उलटा. पण त्याने प्रश्न मिटला नाही. सुरीला थांबणं सोसत नाही. पोट उघडल्याशिवाय हा आजार खात्रीने ओळखताच येत नव्हता, तोवर तर उघडण्याला कारणही होतं. १९२९ मध्ये सेंट लुइसच्या रॉबर्ट एलमन यांनी रक्तातल्या अमायलेज या पाचक रसाच्या प्रमाणावरून निदान होतं हे दाखवलं. तरीही मेलेला भाग लवकर काढावा की थांबावं, हा वाद पुढे कित्येक दशकं चालला.

मेक्सिकोतला १९९७ सालचा एक अभ्यास मी दोनदा वाचला. चिघळलेल्या सुजेचे पेशंट चिठ्ठ्या टाकावं तसे दोन गटांत वाटले. एका गटावर पहिल्या दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर निदान बारा दिवस थांबून. लवकर कापलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गेले. थांबलेल्यांपैकी साधारण पाव. पेशंट थोडेच होते, पण फरक बघून डॉक्टरांनी अभ्यास मध्येच थांबवला. ती संख्या वाचताना मला त्या पहिल्या गटाचे नातेवाईक दिसले. आमच्यासारखेच बाकावर बसलेले, आणि "आज करतायत, बरं झालं" असं एकमेकांना म्हणणारे.

सर्जन मंडळींत शिकाऊ पोरांना म्हणे एक मंत्र देतात. जमेल तेव्हा खा, जमेल तेव्हा झोप, आणि पॅनक्रियाजच्या नादी लागू नकोस. रेसिडेंट मुलीने हसत सांगितला होता. तिला स्वतःला पहिली दोन कलमं जमत नव्हती.

वसुबारसेला ताप आला. सतरावा दिवस. नव्या सीटी स्कॅनमध्ये त्या चिखलात हवेचे बुडबुडे दिसले, म्हणजे जंतू शिरले. अँटिबायोटिक बदललं. आता तरी कापतील असं वाटलं. नाही कापलं. लक्ष्मीपूजनाला दवाखान्याच्या दारात कुणी तरी चार पणत्या लावल्या होत्या, त्या वाऱ्याने विझत होत्या आणि वॉचमन परत परत लावत होता. भावजय म्हणाली, "आक्का, आपण ह्यांना नुसतं मरायला तर ठेवलं नाही ना?" मी उत्तर दिलं नाही, कारण तोच प्रश्न माझाही होता.

भाऊबीजेला बावीस दिवस झाले. रेडिओलॉजिस्टनी सोनोग्राफीवर बघत डाव्या कुशीतून बारीक नळी आत सरकवली. तिथे सगळे त्याला "पिगटेल" म्हणत. नळीतून गढूळ, कॉफीच्या चोथ्यासारखं बाहेर यायला लागलं. ताट, निरांजन आत नेऊ देत नाहीत. सिस्टरने मला गाऊन-मास्क घालून दोन मिनिटं सोडलं. मी नुसत्या हातानेच ओवाळलं. बापूला शुद्ध होती, श्वासाच्या नळीमुळे बोलता येत नव्हतं. त्याने बोटाने उशीकडे दाखवलं. उशीखाली काहीच नव्हतं. त्याला ओवाळणी घालायची होती.

कापण्याऐवजी आधी नळी, नळीने भागलं नाही तर छोटी वाट, तीही पुरली नाही तर मोठी, अशी ही पायरी-पायरीची पद्धत. तिचाही अभ्यास डच लोकांनी केला, २०१० मध्ये छापला. ८८ पेशंट. थेट पोट उघडलेल्यांत ६९ टक्क्यांना मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू, पायरीने गेलेल्यांत ४० टक्के. पायरीवाल्यांतल्या ३५ टक्क्यांचं नळीवरच भागलं, सुरी लागलीच नाही. पण मास्तरणीची नजर खालच्या ओळीवर गेलीच. नुसते मृत्यू मोजले तर दोन्ही गटांत जवळपास सारखे, १९ आणि १६ टक्के, आणि १९ पायरीवाल्यांचे. म्हणजे पायरीने माणसं जास्त वाचली असं नाही. जी वाचली ती जास्त धड राहिली. मधुमेह कमी, हर्निया कमी, एकामागून एक अवयव हटणं कमी. जाहिरातीत हा फरक कुणी सांगणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. त्याच लोकांच्या २०२१ च्या अभ्यासात तर नळीसाठीही थांबून पाहिलं. थांबलेल्यांतले ३९ टक्के नुसत्या अँटिबायोटिकवर निभावले.

आठ दिवस बरे गेले. व्हेंटिलेटर निघाला. नाकातून आतड्यात गेलेल्या नळीवाटे खाणं सुरू होतंच. बापू खुणांवरून शब्दांवर आला. पहिला प्रश्न, "छाटणी कुणी केली?" तात्यांनी केली होती, भाऊबंदांना घेऊन.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री पावणेबाराला पिगटेलच्या पिशवीत लाल उतरलं. आधी थोडं. सिस्टर धावली. सर्जन घरून आले, तेव्हा अंगात शर्ट उलटा होता. ते पाचक रस एवढे दिवस आत साचलेले, त्यांनी प्लीहेकडे जाणारी रक्तवाहिनी कुरतडली होती. भिंत झिजून फुगा झाला आणि फुगा फुटला. जांघेतून तार घालून आतल्या आत वाहिनी बंद करण्याचा प्रयत्न झाला. तार पोचली नाही आणि बीपी ६० वर आलं.

"आता कापावं लागेल," सर्जन म्हणाले. महिनाभर जे वाक्य ऐकायला कान तरसले होते ते आलं, आणि माझे हातपाय गार पडले. संमतीपत्रावर भावजयीची सही, साक्षीदार म्हणून माझी. टेबलावर मृत्यू येऊ शकतो, प्लीहा काढावी लागू शकते, आतड्याचा तुकडा काढावा लागू शकतो, पोट उघडं ठेवावं लागू शकतं, पुन्हा पुन्हा आत न्यावं लागू शकतं. मी टक्के विचारले नाहीत. त्यांनीच सांगितलं, "पन्नास-पन्नास. पण भिंत तयार झालीय. तिसऱ्या दिवशी असता, तर मी हेही म्हटलं नसतं."

रात्री दीड वाजता गावातून वडाप भरून पोरं आली, रक्त द्यायला. अर्धी पंढरपूरला निघण्याच्या तयारीत होती, कपाळाला बुक्का तसाच. ब्लड बँकेतला माणूस झोपेतून उठलेला, त्याने एवढे बुक्के पाहून विचारलं, "कुठली दिंडी?" नऊ बाटल्या लागल्या. साडेतीन तास. वाहिनी बांधली, प्लीहा गेली, मेलेलं जेवढं हाताने सुटं झालं तेवढंच काढलं, ओढून काढलं नाही. पोटात मॉप, म्हणजे कापडाच्या घड्या, भरून ते तसंच झाकून ठेवलं. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा नेलं, मॉप काढले, धुतलं, चार नळ्या ठेवल्या. पहिल्या ऑपरेशननंतर पहाटे थिएटरबाहेर आलेल्या सर्जनांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "चहा मिळेल का कुठे?" ते ऐकून भावजय रडायला लागली. चहा मागणारा डॉक्टर वाईट बातमी घेऊन येत नाही, हे ती महिनाभरात शिकली होती.

समोरच्या सहा नंबर बेडवर तेवीस वर्षांचा मुलगा होता. त्याच्या बाबतीत "पितात का" चं उत्तर हो होतं. त्याची सूज बापूपेक्षा कमी दिसत होती असं सगळे म्हणायचे. त्याला तार पोचली होती, रक्तही थांबलं होतं. तो गेला, चौथ्या दिवशी, किडन्यांनी. त्याच्या आईने जाताना उरलेली फळं आमच्या बाकावर ठेवली. याचं मला काही करता आलेलं नाही. टक्केवारीतही नाही, विठ्ठलाच्या कृपेतही नाही, कारण तात्या जेव्हा "माळेनं तारलं" म्हणतात, तेव्हा मला ती फळं दिसतात.

बापू एकाहत्तराव्या दिवशी घरी आला. चौऱ्याहत्तर किलोचा माणूस बावन्न किलो. आता दिवसातून दोनदा इन्सुलिन. प्लीहा नसल्यामुळे ठरावीक लशी, आणि ताप आला की घरगुती काढा नाही, थेट दवाखाना. पित्ताची पिशवी, जिच्यापासून हे सुरू झालं, ती पुढे एप्रिलमध्ये निघाली, दुर्बिणीतून, दोन दिवसांत घरी. जानेवारीत सांगितलं होतं तशीच.

आणि कॅप्सूल. अन्न पचवायचा रस आता अंगात पुरेसा बनत नाही, म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर त्या रसाची कॅप्सूल घ्यावी लागते. नाही घेतली, तर तुपाचा थेंबही अंगी लागत नाही, संडासला तेलकट होतं. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. मला हे माहीत होतं, मी बोलले नव्हते. फार्मसीतल्या मुलाने सहज सांगून टाकलं. बापू दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी फडावरच्या महाराजांना भेटून आला. ते काय म्हणाले, ते त्याने सांगितलं नाही. रात्री पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "त्याचं बिचाऱ्याचं तरी धड होतं."

कापलेल्या जागी आता हर्निया आलाय. उभं राहिलं की पोटाच्या मधोमध मूठभर फुगवटा, त्यावर पट्टा. परवा तपासणीला गेलो, तेव्हा सर्जनांनी दाबून पाहिलं, खोकायला लावलं. म्हणाले, जाळी बसवून दुरुस्त करता येईल, कधी करायचं ते ठरवा.

बापू शर्टाची बटणं लावत म्हणाला, "द्राक्षं उतरू देत, मग बघू."

भावजयीने माझ्याकडे पाहिलं, मी सर्जनांकडे. ते कागदावर काही तरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "या खेपेला चालेल."